अपूर्णांक डोळ्यांना दाखविणारा गुरु

योहान हाइन्रिख पेस्टालोझी ह्यांचा जन्म स्वित्झर्लंडांतील झुरिच येथें इ. स. १७४६ मध्यें झाला. पांचव्या वर्षीं पितृछत्र हरपलें. पुढें स्टान्स येथें युद्धानें पोरक्या झालेल्या बालकांसाठीं ते चालवीत असलेला आश्रम १७९९ मध्यें लष्करी रुग्णालयासाठीं घेण्यांत आला. तरी त्यांनीं शिक्षणव्रत सोडिलें नाहीं. शब्दाआधीं वस्तु दिसावी, हें त्यांचें तत्त्व. अपूर्णांकांसाठीं त्यांनीं चौरसांचा तक्ता केला. त्यांत पहिल्या ओळींतील चौरस अखंड, दुसरींतील दुभागलेले, तिसरींतील तीन समान भागांचे, असे दहा भागांपर्यंत. दोन चतुर्थांश म्हणजे अर्धाच, हें त्यावरून डोळ्यांनाच दिसे. १८२७ मध्यें ते निवर्तले. मुलांनो, अपूर्णांक अडला तर प्रथम चौरस काढा. दोष बहुधा बुद्धीचा नसतो, न पाहिल्याचा असतो.