ब्योमकेशचे जनक, पुण्याचे रहिवासी : शरदिंदू बंदोपाध्याय

चंडीगड : दूरदर्शनवर १९९३ मध्ये बासू चटर्जी दिग्दर्शित ‘ब्योमकेश बक्षी’ ही हिंदी मालिका सुरू झाली आणि धोतर-कुर्ता परिधान करणारा, मितभाषी बंगाली सत्यशोधक चंडीगडपासून कोल्हापूरपर्यंत घरोघरी परिचित झाला. अमृतसरमध्ये जन्मलेले अभिनेते रजित कपूर यांनी ही भूमिका अजरामर केली. मात्र ब्योमकेशचे जनक शरदिंदू बंदोपाध्याय यांचे निधन त्यापूर्वी २३ वर्षे आधीच झाले होते. आयुष्याची अखेरची बत्तीस वर्षे त्यांनी महाराष्ट्रात घालवली, ही बाब मराठी वाचकांनाही फारशी ज्ञात नाही.

शरदिंदू यांचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी उत्तर प्रदेशातील जौनपूर येथे झाला. बालपण बिहारमधील मुंगेर येथे गेले, तर महाविद्यालयीन शिक्षण कोलकात्यात झाले. विसाव्या वर्षी त्यांचा पहिला काव्यसंग्रह प्रकाशित झाला. घराण्यात वकिलीची परंपरा होती; त्यांनीही कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. परंतु १९२९ च्या सुमारास त्यांनी वकिली सोडून पूर्णवेळ लेखन पत्करले.

ब्योमकेश १९३२ मध्ये अवतरला. स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेणे त्याला रुचत नाही. तो ‘सत्यान्वेषी’ आहे. शेरलॉक होम्सप्रमाणे त्यालाही अजित हा कथाकथन करणारा मित्र आहे, परंतु साम्य बहुतांशी तेथेच संपते. ब्योमकेश विवाह करतो, संसार मांडतो आणि वयाने वाढतही जातो. परकीय साच्यातील रहस्यकथेला शरदिंदू यांनी मध्यमवर्गीय बंगाली घराचा उंबरठा दिला.

सन १९३८ मध्ये हिमांशू राय यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईत मालाड येथील बॉम्बे टॉकीजमध्ये दाखल झाले. त्याच वर्षीचा ‘भाभी’ हा चित्रपट त्यांच्याच कथेवर आधारित होता. पटकथालेखनाने आर्थिक स्थैर्य दिले. पण त्यांच्या साहित्यलेखनाचा मोठा वेळ त्यात खर्च होऊ लागला. ब्योमकेश तर सुमारे पंधरा वर्षे मौनात गेला. वाचकांच्या आग्रहाखातर १९५१ मध्ये तो ‘चित्रचोर’ या कथेतून परतला आणि पुढच्याच वर्षी शरदिंदू यांनी आपल्या जीवनातील सर्वांत धाडसी निर्णय घेतला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी चित्रपटसृष्टीचा निरोप घेऊन ते पुण्यात स्थायिक झाले.

हा निर्णय फलदायी ठरला. ‘दुर्गरहस्य’, ‘चिडियाखाना’ यांसारख्या दीर्घ रहस्यकथा याच काळातील होत. विजयनगर साम्राज्याच्या पार्श्वभूमीवरील ‘तुंगभद्रार तीरे’ ही ऐतिहासिक कादंबरीही पुण्यातील वास्तव्यातच प्रसिद्ध झाली. तिला १९६७ मध्ये रवींद्र पुरस्काराने गौरविण्यात आले. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी ‘चिडियाखाना’ पडद्यावर आणला आणि ब्योमकेश साकारला तो उत्तमकुमार यांनी.

महाराष्ट्राच्या भूमीनेही त्यांच्या लेखणीला विषय पुरविले. सदाशिव या कोवळ्या वयाच्या मावळ्याच्या साहसकथा त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या आणि शिवकाळातील गडकोट व डोंगरवाटा वंगभाषेत नेल्या. ब्योमकेशलाही त्यांनी सह्याद्रीवर आणले. इंग्रजी रहस्यकथेत गुन्हेगार गावाबाहेरच्या एखाद्या सरदारी वाड्यात जमतात. ‘शैलरहस्य’ या कथेत त्या वाड्याची जागा महाबळेश्वरच्या एका हॉटेलाने घेतली आहे. ऐन थंडीतले ओस पडलेले गिरिस्थान, हॉटेलातील भागीदारीत शिरलेला चोरट्या व्यापाराचा पैसा आणि त्यातून घडलेला खून अशी तिची मांडणी आहे. पुराव्यावाचून कशावरही विश्वास न ठेवणारा ब्योमकेश येथे चक्क पिशाच्चाला सामोरा जातो.

इतिहासाच्या आधारे उभारलेल्या कादंबऱ्यांमध्ये शरदिंदू यांची भाषाप्रभुता पूर्णत्वाने प्रकटली, असे मानणारा मोठा वाचकवर्ग बंगालमध्ये आहे. तरीही देशाने त्यांना ओळखले ते ब्योमकेशमुळेच, आणि तेही बव्हंशी हिंदी मालिकेच्या माध्यमातून. महाराष्ट्राने आपल्या या रहिवाशाची पुरेशी दखल घेतली, असे म्हणणे कठीण आहे. बंगालपासून दूर राहून चार दशके बंगाली भाषेत अखंड लिहिणाऱ्या या लेखकाचा सदाशिव तरी मराठी मुलांच्या घरातला व्हायला हवा होता.

ब्योमकेशच्या बत्तीस कथा पूर्ण झाल्या. नाटक सुरू असताना एका नटाच्या झालेल्या मृत्यूचे कोडे मांडणारी ‘विशुपालवध’ ही तेहतिसावी कथा लिहिली जात असतानाच २२ सप्टेंबर १९७० रोजी शरदिंदू यांचे निधन झाले. त्या खुन्याचे नाव त्यांच्या लेखणीतून वाचकांना कधीच कळले नाही.