लूर्दची बर्नादेत

महिपतींच्या भक्तिविजयावर वाढलेल्या मराठी वाचकास चमत्काराचे फारसे नवल वाटत नाही. संताच्या कृपेने आंधळ्यास दिसू लागते, पांगळा चालू लागतो आणि आपण श्रद्धेने पान उलटतो. परंतु जिच्यामुळे असंख्य रोग्यांना आशेचा झरा लाभला, ती स्वतः मात्र अखेरपर्यंत रोगीच राहिली, असे चरित्र विरळाच. मुंबईत मालाडनजीक ओर्लेम येथे आणि पाँडिचेरीजवळ विलियनूर येथे लूर्दमातेची प्रार्थनामंदिरे आहेत. त्यांच्या नावातील लूर्द जगास ज्या मुलीमुळे ठाऊक झाले, तिची ही हकिकत आहे.

बर्नादेत सुबिरू हिचा जन्म ७ जानेवारी १८४४ रोजी, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या लूर्द या लहानशा गावी, एका पाणचक्कीवर झाला. वडील दळणाचा धंदा करीत. माणूस भला, पण व्यवहारात कच्चा. उधारी वसूल करण्याचे त्यांच्याने झाले नाही. चक्की हातची गेली. १८५५ मध्ये गावात पटकीची साथ आली. बर्नादेत त्यातून वाचली, परंतु दम्याने तिला कायमचे ग्रासले. शेवटी या कुटुंबाला आसरा मिळाला तो गावच्या जुन्या, वापरातून काढलेल्या तुरुंगाच्या एका कोंदट खोलीत. त्यातच पीठचोरीच्या संशयावरून वडिलांना काही दिवस खऱ्या तुरुंगात काढावे लागले. चौदा वर्षांच्या या मुलीला लिहिता-वाचता येत नव्हते आणि फ्रेंचही येत नव्हते. ती बोले ती तिकडची ग्रामीण बोली.

११ फेब्रुवारी १८५८ रोजी ती धाकटी बहीण व एक मैत्रीण यांच्यासह सरपण गोळा करावयास नदीकाठच्या मासाब्येल नावाच्या गुहेपाशी गेली. दम्याच्या भीतीने थंड पाण्यात शिरावे की न शिरावे, अशा विचारात ती मागे राहिली असताना खडकाच्या कपारीत तिला शुभ्र वस्त्रातील एक तरुण स्त्री दिसली. १६ जुलैपर्यंत हे दर्शन एकूण अठरा वेळा घडले. गावकरी पहिल्यापासूनच देवमाता, देवमाता म्हणू लागले. बर्नादेत मात्र आपल्या बोलीतील ज्या सर्वनामाने तिचा उल्लेख करी, त्याचा अर्थ केवळ ‘ते’ एवढाच होता. जे पाहिले त्याहून अधिक काही सांगावयाचे नाही, हा तिचा बाणा पोलीस अधिकारी जाकोमे यांच्या उलटतपासणीतही ढळला नाही. तिसऱ्या दर्शनाच्या वेळी त्या स्त्रीने, पंधरा दिवस येथे येण्याची कृपा कराल का, अशा अर्थाने तिला विचारले. तुरुंगाच्या खोलीत राहणाऱ्या पोरीला अहो-जाहो करणारे त्या गावात दुसरे कोण होते! या जगातील सुखाचे आश्वासन मात्र तिला मिळाले नाही. ते परलोकातले होते.

२५ फेब्रुवारीस दर्शनातील आज्ञेप्रमाणे तिने गुहेतील माती उकरली, गढूळ पाणी प्याली, तेथील पाला खाल्ला. जमलेल्यांनी तिला वेडी ठरविले. परंतु त्याच जागी झरा वाहू लागला. १ मार्चच्या सुमारास कातरीन लातापी ही गरोदर शेतकरीण आली. झाडावरून पडल्यामुळे निकामी झालेली तिची बोटे त्या पाण्यात हात घालताच मोकळी झाली, आणि त्याच दिवशी घरी जाऊन ती बाळंतही झाली. लोकांची रीघ लागली; सरकारने गुहेस कुंपण घातले आणि पुढे ऑक्टोबरात सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमाने ते निघाले. त्याच वर्षी तूलूझच्या फिलोल या रसायनशास्त्रज्ञाने झऱ्याचे पाणी तपासले व ते साधे पिण्याचे पाणी असल्याचा निर्वाळा दिला. श्रद्धाळूंना हा निष्कर्ष खटकावा, असे आपणास वाटेल. पण औषधी क्षार नाहीत म्हटल्यावर कृपेला जागा अधिकच मोकळी झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

धर्मगुरू पेरामाल यांनी त्या स्त्रीचे नाव विचारण्याचा हट्ट धरला होता. २५ मार्चला ते मिळाले: निष्कलंक गर्भसंभव. अवघ्या चार वर्षांपूर्वी, १८५४ साली, पोपनी घोषित केलेले हे तत्त्व त्या निरक्षर मुलीला कळण्याजोगे नव्हते. विसरू नये म्हणून ती वाटभर ते शब्द पुटपुटत गेली. चौकशी मंडळाच्या अहवालानंतर १८६२ साली तार्बच्या बिशपांनी दर्शने खरी मानली व सात रोगमुक्ती दैवी म्हणून मान्य केल्या. पुढे १८८३ मध्ये तेथे वैद्यकीय कार्यालय निघाले. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास त्याची कार्यपद्धती मोठी विलक्षण वाटते. येथे चमत्काराचीही फाईल होते! रोग गंभीर होता काय, निदान पक्के होते काय, सुधारणा औषधाने झाली नाही ना, ती आकस्मिक, संपूर्ण व टिकाऊ आहे काय, असे प्रश्न वर्षानुवर्षे विचारले जातात. हजारो दाव्यांतून २०१८ पर्यंत चर्चने मान्य केलेल्या रोगमुक्ती केवळ सत्तर होत्या.

त्यांत बर्नादेतचे नाव नाही. दम्यासाठी तिला दुसऱ्या गावच्या औषधी झऱ्यावर नेले होते. लूर्दचे पाणी आपल्यासाठी नाही, असे ती पुढे सांगे. भेटीस येणारे श्रीमंत लोक पैसे देऊ करीत. घरात दारिद्र्य असूनही तिने एक नाणे घेतले नाही. जुलै १८६६ मध्ये लूर्द कायमचे सोडून ती नेव्हेर येथील मठात दाखल झाली. तेथील प्रशिक्षण पाहणाऱ्या वरिष्ठ भगिनी तिच्याशी कठोरपणेच वागल्या; देवमातेने एका अडाणी पोरीस दर्शन द्यावे, हे त्यांच्या गळी उतरले नसावे. मठाच्या रुग्णखोलीत तिने रोग्यांची सेवा केली व पुढे स्वतःच तेथील कायमची रोगी झाली. दम्याच्या जोडीला गुडघ्याचा हाडीव्रण आला. काम झाल्यावर केरसुणी दारामागे ठेवतात, तशी मी आहे, असे ती आपल्याविषयी म्हणत असे. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. लूर्दला भव्य मंदिर उभे राहिले, १८७६ साली त्याच्या सोहळ्यास मोठा समुदाय लोटला. ती नेव्हेरलाच होती. १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आरामखुर्चीत बसलेल्या अवस्थेत तिने देह ठेवला.

८ डिसेंबर १९३३ रोजी अकराव्या पायस पोपनी रोममध्ये तिला संतपद दिले. त्या समारंभास ज्युस्तँ बुओर नावाचे एक ७७ वर्षांचे गृहस्थ उपस्थित होते. १८५८ च्या जुलैत, ते दोन वर्षांचे व मरणाच्या दारी असताना, त्यांच्या आईने त्यांना उचलून गुहेकडे धाव घेतली होती आणि त्या थंडगार पाण्यात बुडवून धरले होते.