उणे १९६ अंशांचं पार्सल : मणिभाई देसाई आणि गोठ्यापर्यंत पोचलेली प्रयोगशाळा

ऑर्डर केलेलं आइस्क्रीम वितळलेलं आलं की आपण लगेच रिफंड मागतो. आता असं एक पार्सल डोळ्यासमोर आणा, जे उणे १९६ अंश सेल्सिअसवर ठेवावं लागतं. वाटेत एकदा जरी गरम झालं तरी कायमचं वाया जातं. आणि ते एखाद्या खेड्यातल्या गोठ्यात ठरलेल्या काही तासांतच पोचावं लागतं. उशीर झाला तर पुढची संधी २१ दिवसांनी. हे पार्सल म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी. आणि ही डिलिव्हरी महाराष्ट्रात गावोगावी नेणाऱ्यांत एक मोठं नाव आहे मणिभाई देसाई.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, मूळची ब्रह्मपुरीकडची. लॉजिस्टिक्सचा कोड लिहिताना मला हा माणूस वारंवार आठवतो. कसा, ते पुढे येईलच.

सेवाग्राम ते उरुळी कांचन

मणिभाईंचा जन्म १९२० साली सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचा. शिक्षण विज्ञान शाखेत. १९४२ च्या चळवळीत उतरले, तुरुंगात गेले आणि नंतर वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींकडे आले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला राहिले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा भावे आणि मणिभाई यांच्याकडे त्याचं काम आलं. गांधीजी पुढे निघून गेले, मणिभाई मात्र तिथेच थांबले. पुढची ४७ वर्षं, म्हणजे १९९३ मध्ये जाईपर्यंत, त्यांचा पत्ता तोच राहिला.

आश्रमाची जमीन कोरडवाहू, गाव गरीब. मणिभाईंनी शेती केली, शाळेसाठी खटपट केली आणि गीर गायींचा कळप उभा केला. इथेच त्यांच्यातला विज्ञानाचा विद्यार्थी दिसतो. कोणती गाय किती दूध देते, किती दिवसांनी पुन्हा गाभण राहते, काय खाते, हे सगळं टिपून ठेवायचं आणि त्यावरून पुढची पिढी निवडायची. आज आपण ज्याला डेटा म्हणतो, तो तेव्हा वहीत होता.

गाय येणार नाही, मग प्रयोगशाळाच जाऊ दे

१९६७ मध्ये त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच ‘बाएफ’, ही संस्था काढली. त्यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता. गरीब शेतकऱ्याकडे एकच गाय असते आणि ती दिवसाला एक-दोन लिटर दूध देते. जास्त दुधाची गाय विकत घ्यायला त्याच्याकडे पैसे नाहीत. मग त्याच्याच गायीच्या पोटी जास्त दूध देणारी कालवड जन्माला आली तर?

त्यासाठी लागणारं तंत्र जगात तयार होतं. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये ग्लिसरॉलचा शोध लागला होता. म्हणजे ग्लिसरॉल आधीच माहीत होतं, पण ते मिसळलं की शुक्राणू गोठूनही जिवंत राहतात, हे तेव्हा कळलं. एरवी गोठताना पेशीतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फुटते. ग्लिसरॉल ते टाळतं. मग एका वळूच्या एका वेळच्या वीर्यातून शेकडो मात्रा बनतात. पाव मिलिलिटरच्या कांडीत भरलेल्या या मात्रा द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतात.

पण कांडी टिकली म्हणजे काम झालं असं नाही. गाय माजावर असते साधारण १८ तास. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. अशा वेळी गाय दोरीला धरून काही किलोमीटर दवाखान्यापर्यंत चालवत न्यायची, तर शेतकऱ्याची दिवसाची मजुरी बुडते आणि वेळही टळते. म्हणून बाएफने उलटं केलं. प्रशिक्षित माणूस नायट्रोजनचा छोटा कंटेनर दुचाकीला बांधून स्वतः गोठ्यात जाऊ लागला. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट वितळवायची, रेतन करायचं, नोंद करायची, काही महिन्यांनी गाभण तपासायला परत यायचं. सुरुवातीला सहकारी साखर कारखान्यांची साथ मिळाली. मग केंद्रं राज्याबाहेरही पोचली.

आमच्या भाषेत यालाच लास्ट माईल म्हणतात. सर्व्हर कितीही भारी असू द्या, शेवटचे पाच किलोमीटर जमले नाहीत तर सिस्टीम बंदच समजायची. मणिभाईंनी सगळी ताकद त्या पाच किलोमीटरवर लावली.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पोटाचा हिशोब

जनुकं बदलली म्हणून दूध आपोआप वाढत नाही. गायीच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे रूमेनमध्ये, अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. गाय चारा खाते, तो ते सूक्ष्मजीव आंबवतात आणि त्यातून गायीला ऊर्जा आणि प्रथिनं मिळतात. सूक्ष्मजीवांनाच नायट्रोजन मिळाला नाही तर संकरित गायही एक-दोन लिटरवर येते. म्हणून मणिभाईंनी रेतनाबरोबर चाऱ्याचं कामही धरलं आणि सुबाभूळ लावायचा आग्रह धरला. तिच्या पाल्यात प्रथिनं भरपूर असतात. पण त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्यही असतं, म्हणून एकूण चाऱ्याच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त ती घालू नये.

टीका आणि आमचा जिल्हा

होल्स्टिन आणि जर्सीसारखे परदेशी वळू वापरणं सगळ्यांना पटलं नाही. गांधीजींचा माणूस देशी गायीची जात बिघडवतोय, असं म्हणणारेही होते. त्या टीकेत मला तथ्य वाटतं, पण अर्धंच. जिथे पाणी, हिरवा चारा आणि दूध संकलन आहे, तिथे संकरित गायीने घरं उभी केली. प्रश्न येतो चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या ठिकाणी.

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. रवंथ आणि पचन यांतूनही शरीरात उष्णता तयार होते. म्हणून उन्हाळ्यात जास्त दुधाची गाय आधी खाणं कमी करते, मग दूध. आमच्याकडचा मुख्य चारा धानाची तणस. तिच्यात प्रथिनं जेमतेम चार टक्के आणि सिलिका भरपूर. गुरं दिवसभर गुराख्यासोबत जंगलात असतात, त्यात वाघाची भीती. माज कुणी बघत नाही, आणि कळपातला कुठलाही गोऱ्हा आपलं काम करून जातो. इथे कंटेनर गोठ्यात पोचला तरी गाय गोठ्यात नसते.

त्याच वेळी आमच्याकडे कठाणी ही जात आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाची. चिखलातल्या धानशेतीत ओढकामाला पक्की, उन्हाला न हरणारी. २०२३ च्या सुरुवातीला तिला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. मला वाटतं, मणिभाईंची पद्धत इथे परदेशी वळूशिवायही लागू पडते. उरुळीत त्यांनी गीर गायींचं जे केलं, तेच कठाणीचं करायचं : चांगल्या गायी निवडा, नोंदी ठेवा, त्यांच्यातल्याच चांगल्या वळूची कांडी दारात न्या. त्यांचं तंत्र जातीवर अडलेलं नव्हतं, नोंदीवर आणि वेळेवर पोचण्यावर उभं होतं.

तणसही सुधारता येते. १०० किलो तणशीवर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून २१ दिवस हवाबंद झाकायचं. नंतर थोडा वेळ उघडं ठेवून, वास उडाला की थोडं-थोडं द्यायला सुरुवात करायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना मात्र देऊ नका, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाशी येऊ देऊ नका. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकाला विचारूनच करा.

आणि एक गोष्ट फोन हातात आहे म्हणून सांगते. घरच्या गायीच्या कानात पिवळा टॅग असेल तर त्यावर १२ अंकी नंबर असतो. रेतन, लस, वासरू, सगळ्याची नोंद त्या नंबरावर होते. घरात स्मार्टफोन वापरणारे तुम्हीच असाल, तर माजाची तारीख लिहून ठेवायचं काम आजपासून तुमचं. कॅलेंडरमध्ये २१ दिवसांचा रिमाइंडर लावा. त्याला इंटरनेटसुद्धा लागत नाही.