मल्हारगढचे काकासाहेब

मंदसौरहून नीमचकडे निघाले की वाटेत मल्हारगढ लागते. सरकारी कामानिमित्त आम्ही त्या रस्त्याने कितीदा तरी गेलो, तिथे थांबून चहाही घेतला. पण स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातले बांधकाम, खाणी व वीज खात्याचे मंत्री याच गावी जन्मले, हे आम्हाला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. बांधकामाचा डिप्लोमा घेऊन पोट भरणाऱ्या माणसाला याची लाजच वाटायला हवी.

नरहर विष्णु ऊर्फ काकासाहेब गाडगीळ यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. पुढे वकिलीची परीक्षा दिली आणि १९२० साली ते काँग्रेसमध्ये आले. अनेकदा तुरुंगवास घडला.

त्या काळी पुण्यात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद इतका पेटला होता की गणेशोत्सवातले मेळेसुद्धा एकमेकांवर चिखलफेक करीत. ब्राह्मणेतरांच्या छत्रपती मेळ्यामागे केशवराव जेधे होते. याच जेध्यांशी काकासाहेबांनी मैत्री जोडली. जेधे काँग्रेसमध्ये आले आणि त्यांच्यामागे बहुजन समाज आला. शहरी वकिलांचा म्हणून ओळखला जाणारा पक्ष खेड्यापाड्यांत पोचला. जेधे-गाडगीळ ही जोडी महाराष्ट्राच्या राजकारणात कायमची लक्षात राहिली.

१९३४ साली काकासाहेब मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंचे चौदा जणांचे मंत्रिमंडळ झाले, त्यात ते होते. नाव काँग्रेसचे, पण मंडळी नाना पंथांची. हिंदुमहासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी, जस्टिस पक्षातून आलेले षण्मुखम चेट्टी, शिखांचे बलदेव सिंग आणि काँग्रेसवर आयुष्यभर टीका केलेले डॉ. आंबेडकर. त्याच वर्षी फ्रान्समध्ये समाजवादी पंतप्रधान पॉल रामादिए यांचेही असेच मिश्र सरकार होते. मे महिन्यात त्यांनी कम्युनिस्ट मंत्र्यांना बाहेर काढले आणि नोव्हेंबरात त्यांचेच सरकार गेले. आपल्याकडेही पुढे मतभेदांवरून राजीनामे झाले, पण फाळणीच्या ऐन धामधुमीत गाडा चालत राहिला. उज्जैनकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या चौदांपैकी दोघे माळव्याच्या मातीत जन्मलेले मराठी होते : महूचे बाबासाहेब आणि मल्हारगढचे काकासाहेब.

फाळणीमुळे जम्मूचा सियालकोटकडून येणारा रस्ता आणि रेल्वे, दोन्ही तुटले. काश्मीरमध्ये युद्ध सुरू झाले आणि फौजेला, रसदीला पक्का रस्ता नाही. पठाणकोट ते जम्मू हा सुमारे शंभर किलोमीटरचा मार्ग युद्धपातळीवर तयार करण्याचे काम काकासाहेबांच्या खात्याने केले. एका पुलाच्या मंजुरीसाठी फाइल किती टेबले फिरते हे आम्ही रोज पाहतो, म्हणून या कामाचे मोल आम्हाला जरा जास्तच कळते. दामोदर खोरे महामंडळाचे विधेयक आणि १९४८ चा वीजपुरवठा कायदाही त्यांनीच मांडला. राज्याराज्यांतली विद्युत मंडळे याच कायद्यातून जन्मली.

नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेलांबरोबर ते सोमनाथला गेले आणि मंदिर पुन्हा उभारण्याचे ठरले. महाकालाचे मंदिर राणोजी शिंद्यांच्या दिवाणांनी, रामचंद्रबाबा शेणवींनी पुन्हा बांधले, हे जाणणाऱ्या आपल्या गावाला त्याचे वेगळे महत्त्व सांगायला नको.

खरी कसोटी पुढेच होती. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून काकासाहेब लोकसभेत स्वपक्षाच्या सरकारपुढे ठामपणे उभे राहिले. पण पक्ष सोडला नाही. १९५७ च्या निवडणुकीत पुणेकरांनी त्यांना पाडले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या नानासाहेब गोऱ्यांना निवडून दिले. ज्या मागणीसाठी दिल्लीत वाईटपणा घेतला, त्याच मागणीच्या लाटेत घरी पराभव झाला. कोणी म्हणेल, पक्ष सोडायला हवा होता. आम्हाला तसे वाटत नाही. आपले मत वरिष्ठांच्या तोंडावर मांडायचे आणि त्याची किंमत मुकाट्याने मोजायची, हे सोडून जाण्यापेक्षा अवघड असते. नोकरीत वीस वर्षे काढल्यावर एवढे कळते.

त्यानंतर ते पंजाबचे राज्यपाल झाले. १९६२ साली साताऱ्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, १९६४ पासून पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. 'पथिक' हे त्यांचे आत्मचरित्र. सत्तर पूर्ण करून दोनच दिवस झाले होते, तेव्हा १२ जानेवारी १९६६ रोजी ते गेले.

आपली मुले शाळेत हिंदी, इंग्रजी बोलतात आणि घरी मराठी. महाराष्ट्र त्यांना सुट्टीत जायचे गाव वाटते. माळव्यात जन्मूनही मराठी माणूस देशाच्या कामी कसा येतो, हे त्यांना कळायला हवे. यंदा मंडळाच्या प्रश्नमंजूषेत मल्हारगढवर एक प्रश्न ठेवावा, एवढी कार्यकारिणीला आमची विनंती आहे. उत्तर कोणालाच आले नाही तरी चालेल. घरी जाऊन विचारतील तरी.