चित्रकलेचा विद्यार्थी, ड्रॉइंगचे मास्तर, नांगराचे कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर



आपल्या भागातल्या मुलांनी स्टेशनचं नाव बदलताना पाहिलं आहे. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्टेशन प्रभादेवी झालं. घरातली मोठी माणसं अजूनही जुनंच नाव घेतात, मुलं नवं घेतात. आता वर्गात हा प्रश्न विचारून बघा : सांगली जिल्ह्यात कुंडल रोड नावाचं एक स्टेशन होतं, त्याचं नाव किर्लोस्करवाडी का झालं असेल? राजा, देवी, किल्ला अशी उत्तरं येतील. एका कारखान्यामुळे हे नाव पडलं, हे सांगितल्यावर मुलं नक्की कान टवकारतील. तिथून भांडवल, मागणी, जोखीम, जाहिरात हे शब्द शिकवायला सुरुवात करता येते.

हा धडा आपल्याकडे जास्त गरजेचा आहे, असं मला वाटतं. प्रभादेवी, परळ, लालबागमधल्या बऱ्याच मुलांचे आजोबा गिरणीत होते. कुणी साच्यावर, कुणी फिटर, कुणी मेकॅनिक खात्यात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू बंद पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आणि ऑफिसं आली. आजची मुलं वस्तू विकत घेताना पाहतात, बनताना फारशी पाहत नाहीत. आणि पालकसभेत आयटीआय किंवा डिप्लोमाचा विषय निघाला की बऱ्याच पालकांचा चेहरा पडतो. हाताचं काम म्हणजे मार्क कमी पडलेल्यांचं काम, हा समज आपण मोठ्यांनीच मुलांच्या डोक्यात घातलेला आहे. लक्ष्मणरावांचं चरित्र या समजाला उत्तर देतं.

रंग ओळखता येईनात

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकात त्यांचा जीव रमत नसे. यंत्रं आणि चित्रं या दोनच गोष्टी आवडीच्या. वडिलांना हे पसंत नव्हतं, पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि त्यांच्या मदतीने १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकाराला यापेक्षा मोठा धक्का कोणता? पण यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत. तिथे रेघ सरळ हवी, माप बिनचूक हवं. त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि यांत्रिक ड्रॉइंग धरलं. त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना सहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. तेव्हा ही संस्था भायखळ्याला होती, माटुंग्याला ती १९२३ साली आली. पगार महिना ४५ रुपये.

शिकवून झालं की घरी जायचं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं कशी चालतात, कशी उघडतात, कशी जोडतात हे शिकत राहिले. कारखाना काढण्याची त्यांची खरी तयारी इथे झाली, तीही शिक्षक असताना.

सायकलची एजन्सी

त्या काळी सायकल ही मोठी नवलाई होती. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकल पाहिली, स्वतः घेतली, चालवायला शिकले आणि त्यात धंदा आहे हे ओळखलं. दोघा भावांनी कामं वाटून घेतली. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायचे आणि रामुअण्णा तिथे विकायचे. एक सायकल सातशे ते हजार रुपयांना जायची. चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे.

इथे थोडं थांबा आणि मुलांना गणित घालू द्या. पगार ४५ रुपये असेल, तर ७०० रुपयांच्या सायकलीला किती महिन्यांचा पगार लागेल? साडेपंधरा महिन्यांहून जास्त. म्हणजे गिऱ्हाईक कोण असणार? श्रीमंत माणूस. आणि शिकवणीचे १५ रुपये म्हणजे मास्तरांच्या पगाराचा तिसरा हिस्सा! वस्तू विकणं हा एक धंदा आणि तिच्याबरोबरची सेवा हा दुसरा धंदा, हे मुलांना इथे आपोआप कळतं. आजच्या भाषेत सांगायचं तर मोबाईलचं दुकान आणि मोबाईल रिपेअरिंग.

नोकरी सोडली ती का?

संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. त्यांनी १८९७ साली राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. ही गोष्ट वर्गात सांगताना एक काळजी घ्या. रागाच्या भरात नोकरी सोडली आणि उद्योगपती झाले, असं सांगू नका. सायकलीचं दुकान आधीपासून चालू होतं, घरात भाऊ धंद्यात होता, हातात यंत्रविद्या होती. जोखीम घेतली, पण पायाखाली थोडी जमीन असताना घेतली. बेळगावात ज्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं, तो आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

दोन वर्षं एकही नांगर विकला गेला नाही

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता. लाकडी नांगरापेक्षा खोल जायचा, माती उलटी करायचा. तरीही पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! लोखंड लागलं की जमिनीला विष बाधतं, असा शेतकऱ्यांचा समज होता.

या प्रसंगावर एक अख्खा तास द्या, असं मी सुचवीन. मुलं पटकन म्हणतील की शेतकरी अडाणी होते. तिथे त्यांना अडवा. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा आणि त्याला मोबदला सुगीला धान्यात मिळायचा. मोडला तर सुतार शेजारच्या आळीत. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसे मोजायचे, तेही पीक हातात येण्याआधी, आणि मोडला तर दुरुस्त कोण करणार? एका हंगामाची चूक म्हणजे वर्षभराची उपासमार. शेतकऱ्याचा सावधपणा त्याच्या जागी बरोबरच होता. वस्तू चांगली असणं आणि तिला मागणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणीसाठी गरज लागते, ऐपत लागते आणि विश्वास लागतो. यातला तिसरा पैसे देऊन मिळत नाही, तो वापरून बघितल्यावरच येतो.

आणि त्या दोन वर्षांत कारखान्याचं काय? माल पडून असला तरी लोखंडाचे पैसे, कारागिरांचा पगार, जागेचं भाडं चुकत नाही. रोजचा खर्च भागवायला हाताशी लागतो त्या पैशाला खेळतं भांडवल म्हणतात. या काळात सायकलीचा धंदा आणि इतर कामं हाताशी होती, म्हणून नांगर टिकला.

जागा गेली, माळरान मिळालं

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं, तोच बेळगाव नगरपालिकेने शहर वाढवण्यासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. जमलेली बैठक मोडली. अशा वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज त्यांनी दिलं. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेलं, सापांचं माळरान. पाण्याचीही मारामार. पण शेजारी रेल्वे होती, आणि जड माल पाठवणाऱ्या कारखान्याला ती फार मोलाची.

पुन्हा गणित : महिना ४५ रुपये पगार असणाऱ्याला १०,००० रुपये मिळवायला किती काळ लागेल? एक पैसा खर्च न करता साडेअठरा वर्षं. एवढं ओझं डोक्यावर घेऊन १९१० साली लक्ष्मणराव पंचवीसेक कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह त्या माळावर राहायला गेले. शंभुराव जांभेकर यंत्रकाम बघायचे, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे, रामुअण्णा वसाहतीचा कारभार पाहायचे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले, पण पुढे उत्तम यंत्रज्ञ झाले. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी राखणदारीचं काम दिलं आणि त्यांनी ते चोख केलं. ज्या काळात गावोगाव शिवाशीव पाळली जात होती, त्या काळात या वसाहतीत ती चालत नव्हती.

कच्चा माल, शेअर आणि जाहिरात

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं लोखंड दुर्मिळ झालं. लोखंड नाही तर नांगर नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. तोफेचा नांगर झाला, हे मुलांना कायम लक्षात राहतं. त्याच सुराने कच्चा माल आणि पुरवठा हे शब्द सांगून टाका.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. लिमिटेड म्हणजे काय? कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याने घेतलेल्या शेअरच्या रकमेपुरतंच, त्याच्या घरादारावर टाच येत नाही. म्हणून अनोळखी माणसंसुद्धा पैसे गुंतवायला तयार होतात. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी मालाच्या प्रसारासाठी किर्लोस्कर खबर हे पत्र सुरू केलं. जाहिरातीसाठी निघालेलं ते पत्र पुढे किर्लोस्कर मासिक झालं, आणि स्त्री व मनोहर ही भावंडंही त्याला मिळाली. तुमच्या घरात आजी असतील तर त्यांना ही नावं विचारा.

पुढे थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आले आणि उद्योग वाढला. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरूत विजेच्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

वर्गात आणि घरी घेण्यासाठी

१. मुलांना आपल्या गल्लीतल्या एका छोट्या व्यावसायिकाशी बोलायला सांगा : इस्त्रीवाला, शिंपी, पोळीभाजी केंद्र, चावीवाला. चार गोष्टी लिहून आणायच्या : सुरुवातीला पैसे कुठून आणले, रोजचा खर्च कोणता, उधारी किती राहते, पहिलं कायमचं गिऱ्हाईक कसं मिळालं. नफा विचारायला लावू नका, तो त्यांचा खाजगी विषय आहे.

२. लक्ष्मणरावांना मदत करणाऱ्यांची यादी करा : भाऊ, राजा, कामगार, हिशेबनीस. यातलं कुणी नसतं तर काय झालं असतं? एकट्याच्या बळावर मोठा झालेला माणूस ही कल्पना मुलांना स्वतःच तपासू द्या.

३. घरात आजोबा किंवा शेजारी गिरणी कामगार असतील, तर त्यांच्या हातात कोणतं कौशल्य होतं ते मुलांनी त्यांच्याकडून ऐकावं आणि वहीत लिहावं. आपण शिक्षकांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवावं.

पालकांना एक विनंती. दहावीनंतरच्या वाटा ठरवताना मुलगा किंवा मुलगी कशात नापास होते याच्याबरोबर रिकाम्या वेळात तिचे हात कशाकडे वळतात, हेही बघा. आमच्या वर्गातही बिघडलेला पंखा उघडून बसणारी मुलं आहेत. त्यांना आपण गप्प बसायला सांगतो, तेव्हा एकदा त्यांच्या शेजारी बसून काय केलंस ते विचारून बघूया.