वाऱ्यापासून वीज काढणारे शिक्षक : पौल ला कूर

डेन्मार्क देश लहान व सखल आहे. तेथें उंच डोंगर नाहींत, म्हणून वेगानें पडणारें पाणी नाहीं. आणि दगडी कोळसा तर परदेशांतून जहाजानें आणावा लागे. वीज हवी तर पडत्या पाण्यानें चक्र फिरवावें, नाहीं तर वाफेचें यंत्र चालवावें, हीच त्या काळीं सर्वत्र रीत होती. शहरांत पैसा होता, तेथें यंत्रें आलीं व दिवे लागले. खेड्यांनीं मात्र अंधारांतच राहावें काय? हा प्रश्न ज्यांनीं मनावर घेतला ते पौल ला कूर होत.

यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजीं एबेल्टोफ्ट गांवाजवळच्या एका शेतवाडीवर झाला. पुढें ते पदार्थविज्ञान शिकले, आणि १८७२ सालीं सरकारी हवामानखातें स्थापन झालें तेव्हां त्यांस तेथें उपसंचालकाची जागा मिळाली. एकाच तारेवरून एकाच वेळीं अनेक संदेश पाठविण्याची युक्ति त्यांनीं शोधून काढली. राजधानींत नांव, मान व पगार ह्यांची त्यांस वाण नव्हती. असें असतां १८७८ सालीं तें सर्व सोडून ते आस्कोव्ह नांवाच्या खेड्यांत शिक्षक होऊन गेले. कित्येकांस हा वेडेपणाच वाटला असेल.

आस्कोव्ह येथें लोकशाळा होती. अशा शाळांची कल्पना पाद्री ग्रुंड्टविग यांची. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनीं हिंवाळ्यांत तेथें राहून शिकावें. परीक्षा नाहीं, पदवी नाहीं. तेथें ला कूर गणित व पदार्थविज्ञान शिकवीत, आणि अमुक शोध कोणास कसा लागला, ही हकीकत सांगत सांगत विषय उलगडून दाखवीत.

खेड्यांतले धडधाकट तरुण शहराकडे चालले होते, हें त्यांस दिसत होतें. खेड्यांतच शक्ति व उजेड मिळाला तर हे लोक घर सोडणार नाहींत, असें त्यांचें मत होतें. डेन्मार्कांत एका गोष्टीस तोटा नाहीं, ती म्हणजे वारा. १८९१ सालीं सरकारी मदत मिळवून त्यांनीं शाळेजवळ पवनचक्की उभारली व तिला वीज काढणारें यंत्र जोडलें.

पण वारा हा लहरी चाकर! क्षणांत झोंबतो, क्षणांत निजतो. आणि विजेस तर एकसारखी गति पाहिजे. यावर त्यांनीं वजनानें ताणलेल्या पट्ट्याची योजना केली. वाऱ्याचा जोर मर्यादेबाहेर गेला कीं पट्टा आपोआप घसरे, आणि यंत्राची गति कायम राही.

दुसरी अडचण सांठवणीची. वारा नाहीं त्या रात्रीं काय करावें? ला कूर यांनीं विजेनें पाण्याचे दोन वायु वेगळे केले, उद्जन व प्राणवायु, आणि ते टांक्यांत भरून ठेविले. गंमत अशी कीं, पाण्यावांचून काढलेली वीज सांठवावयास पाणीच कामीं आलें. १८९५ पासून १९०२ पर्यंत शाळेचे दिवे ह्याच वायूवर जळत. हें काम धोक्याचें होतें. उद्जनांत थोडा प्राणवायु मिसळला कीं भडका होई, आणि शाळेच्या खिडक्यांच्या कांचा एकदांहून अधिक वेळां नव्या बसवाव्या लागल्या. तरी ते मागें हटले नाहींत.

चक्कीच्या पात्यांवर त्यांनीं कृत्रिम वारा सोडून मापें घेतलीं. पुष्कळ पात्यांची संथ चक्की चांगली, असा समज होता. थोड्या पात्यांची व वेगानें फिरणारी चक्की विजेस अधिक सोयीची, असें त्यांस आढळलें. हें ज्ञान त्यांनीं स्वतःपाशीं न ठेवितां छापून काढलें. १९०३ सालीं त्यांच्या प्रयत्नानें वाऱ्याच्या विजेचा प्रसार करणारी एक मंडळी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं खेड्यांतील वीजकामगारांचे वर्ग आस्कोव्ह येथें सुरू झाले. यंत्र दिलें पण तें दुरुस्त करणारा गांवांत नसला तर तें गंजून पडतें, हें ते पक्कें जाणून होते.

२४ एप्रिल १९०८ रोजीं त्यांस देवाज्ञा झाली. दहा वर्षांनीं, १९१८ च्या सुमारास, डेन्मार्कांतील सुमारें १२० ठिकाणच्या वीजघरांत पवनचक्क्या चालत होत्या. १९०४ च्या वर्गांत योहानेस यूल नांवाचा एक तरुण बसला होता. त्यानें म्हातारपणीं, १९५७ सालीं, गेडसर येथें २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की उभारली.