एकदाच निवडून आलेले मुख्यमंत्री

हैदराबादेत राहणाऱ्या माणसाला बीआरके भवन माहीत नाही असं सहसा होत नाही. जुन्या सचिवालयाची जागा रिकामी झाली तेव्हा काही काळ राज्याचा कारभारच त्या इमारतीतून चालला. पण ही तीन अक्षरं कुणाची, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. ती अक्षरं बुर्गुला रामकृष्ण राव यांची. हैदराबाद राज्याचे ते एकमेव निवडून आलेले मुख्यमंत्री. त्यांचा निवडणुकीचा इतिहास एका ओळीत संपतो: १९५२, मतदारसंघ शादनगर, काँग्रेस, विजयी. थेट लोकांच्या मतांवर ते एवढ्या एकाच वेळी निवडून आले. आणि या एका कारकिर्दीत एक अख्खं राज्य चालवून ते मोडण्याची वेळही त्यांच्यावरच आली.

त्यांचा जन्म १३ मार्च १८९९ चा, आजच्या तेलंगणातल्या कलवकुर्ती भागातला. मूळ घराणं पुल्लमराजू. बुर्गुला हे शादनगरजवळचं त्यांचं गाव. आपल्याकडे गावाला 'कर' जोडून आडनाव होतं, तसंच काहीसं. आपल्या मंडळाला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि वकिलीची पदवी मुंबई विद्यापीठातून घेतली. त्यामुळे मराठी त्यांना चांगली येत होती. तेलुगू घरची, उर्दू कोर्टाची, फारसी आणि संस्कृत आवडीची. आदि शंकराचार्यांच्या 'सौंदर्यलहरी'चा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. त्यांच्या हाताखाली वकिली शिकलेला एक ज्युनिअरही फर्ग्युसनमध्ये शिकलेला होता. त्याने पुढे ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तेलुगूत नेली, आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तो देशाचा पंतप्रधान झाला. ते पी. व्ही. नरसिंह राव.

निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी लागायची, आणि उर्दू सोडून दुसऱ्या भाषेला मान नव्हता. म्हणून तिथलं राजकारण आधी भाषेच्या आणि वाचनालयांच्या चळवळीतून आलं. मराठी लोकांची महाराष्ट्र परिषद होती, तशी तेलुगू लोकांची आंध्र महासभा. १९३१ च्या देवरकोंडा अधिवेशनाचे अध्यक्ष रामकृष्ण राव होते. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होतानाही ते पुढे होते. 'चले जाव'च्या काळात तुरुंगवासही झाला.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर राज्य भारतात आलं. १९५० मध्ये वेलोडी यांच्या सरकारात रामकृष्ण राव महसूलमंत्री झाले. त्याच वर्षी हैदराबादचा कूळकायदा आला. त्याने संरक्षित कुळांना जमिनीवर हक्क दिला. तेलंगणात तेव्हा जमिनीसाठी हत्यारबंद लढा चालू होता, त्यामुळे हा कायदा कागदी विषय मुळीच नव्हता. पुढच्या वर्षी, एप्रिल १९५१ मध्ये, याच पेटलेल्या भागात पोचमपल्लीला विनोबांना भूदानाची पहिली जमीन मिळाली.

मग १९५२ ची निवडणूक. विधानसभेच्या जागा १७५. काँग्रेसला ९३ मिळाल्या, म्हणजे बहुमत होतं, पण आरामात झोपावं इतकं नव्हतं. हैदराबादेत कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, म्हणून त्यांचे लोक पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने उभे राहिले आणि ४२ जागा घेऊन बसले. त्यांच्या रावी नारायण रेड्डींनी नलगोंड्यातून लोकसभा जिंकताना खुद्द नेहरूंपेक्षा जास्त मतं मिळवली. रामकृष्ण रावांच्या सभागृहाचं चित्रही पाहण्यासारखं आहे. अध्यक्ष काशीनाथराव वैद्य, गृहमंत्री दिगंबरराव बिंदू, विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे: तिघेही मराठी. समोर तेलुगू मुख्यमंत्री, ज्यांना यांचं मराठी कळायचं. औरंगाबादचा, गुलबर्ग्याचा आणि वरंगळचा आमदार एका छताखाली बसायचा.

सरकारला सहा महिनेही झाले नव्हते तोच मुलकी आंदोलन उभं राहिलं. बाहेरून आलेल्यांना सरकारी नोकऱ्या मिळतात आणि इथल्या मुलांच्या हाती काहीच लागत नाही, ही तक्रार. सुरुवात वरंगळच्या विद्यार्थ्यांनी केली आणि लोण हैदराबादेत आलं. ३ आणि ४ सप्टेंबर १९५२ ला शहरात पोलिसांनी गोळीबार केला, सिटी कॉलेजच्या परिसरात माणसं मेली. न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डींची चौकशी बसली. रामकृष्ण राव विद्वान होते, सौम्य होते, असं सगळीकडे लिहिलेलं आहे, आणि ते खरंही असेल. पण गोळी चालली तेव्हा मुख्यमंत्री तेच होते. आपण स्वतः कॉलेजात शिकतो आहोत, तर हे पान उलटून पुढे जाणं बरोबर नाही.

दुसरी परीक्षा १९५५ ची. राज्य पुनर्रचना आयोगाने सांगितलं की मराठवाड्याचे पाच जिल्हे मराठी भाषकांबरोबर जावेत, कानडी जिल्हे कर्नाटकाकडे, आणि तेलंगणा तूर्त वेगळा राहावा. आंध्रात जायचं की नाही हे १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकीनंतर तिथल्या विधानसभेने दोन-तृतीयांश मतांनी ठरवावं. रामकृष्ण रावांचं मत सुरुवातीला वेगळ्या तेलंगणाकडे होतं, आणि लोकांचा कलही तसाच आहे हे त्यांनी काँग्रेसचे अध्यक्ष ढेबर यांना कळवलं होतं. पण दिल्लीतल्या श्रेष्ठींनी विलीनीकरणाचा निर्णय घेतला आणि ते त्या बाजूला गेले. २० फेब्रुवारी १९५६ च्या दिल्लीतल्या करारावर तेलंगणाच्या चार सह्यांपैकी एक त्यांची आहे. १ नोव्हेंबरला आंध्र प्रदेश जन्मला, नवे मुख्यमंत्री संजीव रेड्डी. करारात ठरल्याप्रमाणे तेलंगणाचा उपमुख्यमंत्री हवा होता, तो त्या पहिल्या मंत्रिमंडळात नेमलाच गेला नाही. शादनगरच्या मतदाराला मात्र मध्ये कुणी काही विचारलं नव्हतं.

त्याच महिन्यात ते केरळचे राज्यपाल झाले. आयुष्यभर कम्युनिस्टांशी सामना केलेल्या माणसाने ५ एप्रिल १९५७ ला ई. एम. एस. नंबुद्रिपादांच्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळाला शपथ दिली. मग आलं शिक्षण विधेयक. खाजगी शाळांवर, म्हणजे मोठ्या प्रमाणात चर्चच्या शाळांवर, सरकारचं नियंत्रण वाढणार होतं. राज्यपालांनी ते राष्ट्रपतींकडे राखून ठेवलं आणि राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचं मत मागवलं. मे १९५८ मध्ये कोर्टाने कलम ३० खाली अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांच्या हक्काबद्दल जे सांगितलं, त्यावर आपल्या कॉलेजसारख्या संस्था आजही टेकून उभ्या आहेत. कॅथलिक घरात वाढल्यामुळे मी ही गोष्ट लहानपणापासून एकाच बाजूने ऐकली आहे. दुसरी बाजूही आहे: त्या विधेयकामागे शिक्षकांच्या पगाराचा आणि नोकरीच्या सुरक्षिततेचा खरा प्रश्न होता. जून १९५९ मध्ये अंगमालीला पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक मेले, आणि ३१ जुलैला केंद्राने राज्यपालांच्या अहवालाचा आधार घेऊन बहुमत असलेलं सरकार बरखास्त केलं. सात वर्षांपूर्वी ज्यांच्या स्वतःच्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळी चालवली होती आणि तरी ते टिकलं होतं, त्यांनीच हा अहवाल पाठवला. हा विरोधाभास मला तरी सोडवता येत नाही.

पुढे ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले, मग १९६२ ते १९६६ राज्यसभेत होते. सप्टेंबर १९६७ मध्ये ते वारले. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांची सही असलेला करार पाळला नाही म्हणून तेलंगणाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वेगळं राज्य झालं ते २ जून २०१४ ला. लोकांना काय हवंय ते १९५५ मध्ये त्यांनी बरोबर ओळखून वर कळवलं होतं. कळवल्यावर त्या मतावर उभं राहणं त्यांना जमलं नाही, आणि त्याची किंमत पुढच्या दोन पिढ्यांनी दिली.